बार्बेक्यूसाठी लाकडी कोळसा: कोणता घ्यायचा, कसा पेटवायचा आणि एवढा धूर का होतो?

डिसेंबर आला की गच्चीवर, फार्महाऊसवर किंवा घरामागच्या अंगणात बार्बेक्यूचे बेत ठरायला लागतात. ग्रिल ऑनलाइन मागवलं जातं, चिकन-पनीर आदल्या रात्रीच मसाल्यात मुरत पडतं, कोणी काय आणायचं याची यादी ग्रुपवर फिरते. कोळसा मात्र ऐनवेळी जो मिळेल तो. मग तासभर फुंकणं, डोळ्यांतून पाणी, शेवटी कोणीतरी वैतागून रॉकेलची बाटली शोधून आणतं, आणि आठला मिळणारा टिक्का साडेदहाला हातात पडतो. तोही रॉकेलचा वास मारणारा. हे सगळं मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे कोणाची टिंगल करण्याचा उद्देश नाही.

खरं तर कोळशाचं तंत्र फार अवघड नाही. कोळसा धूर का करतो हे एकदा कळलं, की कोणता घ्यायचा आणि कसा पेटवायचा ही दोन्ही उत्तरं त्यातच सापडतात. आणि धूर थांबल्यावर काय होतं, हेही कळणं गरजेचं आहे. कारण खरा धोका तिथे सुरू होतो. त्याबद्दल शेवटाकडे सविस्तर लिहिलं आहे, तो भाग वगळू नका.

कोळसा म्हणजे नेमकं काय?

आधी एक गल्लत दूर करू. कोळसा दोन प्रकारचा. एक खाणीतला दगडी कोळसा, जो वीज केंद्रांत जातो. त्यात गंधक असतं, डांबरासारखे पदार्थ असतात. त्यावर खाण्याची वस्तू उघडी भाजायची नाही. दुसरा लाकडी कोळसा. आपल्याकडे त्याला लोणारी कोळसाही म्हणतात, कारण चुना आणि कोळसा भाजणं हा लोणारी समाजाचा पिढीजात धंदा होता. बार्बेक्यूला लागतो तो हाच.

लाकूड उघड्यावर पेटवलं तर जळून राख होते. पण तेच लाकूड रचून, वर पालापाचोळा आणि मातीचा थर देऊन, अगदी मोजकी हवा लागेल अशी भोकं ठेवून तापवलं, तर ते जळत नाही, भाजलं जातं. आधी त्यातलं पाणी जातं. मग दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे मूळ घटक फुटायला लागतात आणि त्यांतून वायू, आम्लं, डांबर असं सगळं बाफेच्या रूपाने निघून जातं. चारशे-पाचशे अंशांपर्यंत मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. मातीच्या पारंपरिक भट्टीत साधारण पाच-सहा किलो लाकडामागे किलोभर कोळसा हाती लागतो. बाकीचं धुरातून गेलेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे भाजणं पूर्ण झालं नाही, तर कोळशाच्या पोटात लाकडाचा अंश राहतो. तुमच्या गच्चीवर तो कोळसा पेटला की भट्टीत जे व्हायचं राहिलं होतं ते तिथे होतं. तोच तो पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. म्हणजे धूर कोळशाचा नसतो, कोळसा व्हायच्या राहिलेल्या लाकडाचा असतो. (ओलाव्याची वाफ त्यात भर घालते, पण डोळे चुरचुरतात ते लाकडामुळे.)

याची दुसरी बाजूही आहे. कमी भाजलेला कोळसा पटकन पेटतो, कारण त्यात जळणारे वायू शिल्लक असतात. कडक भाजलेला पेटायला वेळ घेतो, पण एकदा पेटला की जवळजवळ धूर करत नाही आणि बराच वेळ टिकतो. जपानमधला बिन्चोतान हा या टोकाचा नमुना. वाकायामा भागातल्या एका जातीच्या ओकपासून तो करतात, शेवटी भट्टीचं तापमान हजार अंशांच्या आसपास नेतात, आणि तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा आवाज येतो. घरगुती चिकन टिक्क्यासाठी त्याच्या किमतीला जायचं काही कारण नाही, पण हा आवाज लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

लम्प आणि ब्रिकेट यांत फरक काय?

लम्प चारकोल म्हणजे भट्टीतून निघालेले कोळशाचे तुकडे, जसेच्या तसे. आपण पिढ्यान्‌पिढ्या शेगडीत घालतो तो कोळसा लम्पच आहे, फक्त त्याला हे नाव नव्हतं. ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी, स्टार्चसारखा बांधणारा पदार्थ आणि काही वेळा इतर भर घालून दाबलेल्या एकसारख्या वड्या.

अमेरिकेत अंगणातला बार्बेक्यू म्हणजे बराच काळ ब्रिकेट असंच समीकरण होतं, आणि त्याचा धागा मोटारींपर्यंत जातो. वड्यांच्या रचनेचं पेटंट पेनसिल्व्हेनियातल्या एल्सवर्थ झ्वॉयर यांच्या नावावर १८९७ सालचं आहे. पण त्या घरोघरी पोचल्या हेन्री फोर्ड यांच्यामुळे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत बरंच लाकूड लागायचं. मिशिगनमधल्या त्यांच्या लाकूड कारखान्यात उरणारा भुसा आणि ढलप्या वाया जाऊ नयेत म्हणून १९२०च्या दशकात तिथेच कोळशाच्या वड्या करायला सुरुवात झाली. पुढे तो व्यवसाय किंग्सफोर्ड या नावाने चालला. भंगारातून निघालेला माल एका देशाची खाद्यसंस्कृती ठरवून गेला म्हणायचा!

दोन्हींत निवड कशी करायची? लम्प लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी करतो, हवा कमी-जास्त केली की लगेच ऐकतो. पण तुकडे लहान-मोठे असल्यामुळे आच सगळीकडे सारखी पडत नाही, त्यामुळे अधूनमधून लक्ष द्यावं लागतं. ब्रिकेट संथ आणि सारख्या जळतात, राख मात्र खूप करतात. चार-पाच तास मंद आचेवर काही शिजवायचं असेल तर ब्रिकेट सोयीच्या. टिक्का, कबाब, पापलेट, कणसं, वांगी अशा झटपट भाजायच्या गोष्टींना लम्पच हवा.

दोन गोष्टी मात्र टाळा. एक, परदेशात मिळणाऱ्या काडी लावताच पेटणाऱ्या ब्रिकेट. त्या पेट घेणाऱ्या द्रवात भिजवलेल्या असतात. न्यू जर्सीत किंवा डॅलसला राहणाऱ्या वाचकांनी पिशवीवर हार्डवुड लम्प लिहिलेलं बघावं, आणि घटकांच्या यादीत लाकडाखेरीज काहीच नसावं. दुसरी, हुक्क्यासाठी विकल्या जाणाऱ्या चटकन पेटणाऱ्या गोल चकत्या. ठिणग्या उडवत पेटतात त्या त्यांत घातलेल्या रसायनामुळे. त्यावर जेवण भाजू नका.

कोणत्या लाकडाचा कोळसा चांगला?

साधा नियम आहे. लाकूड जड आणि घट्ट, तर कोळसाही घट्ट. तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात जास्त कार्बन, म्हणून जास्त वेळ टिकणारा. बाभळीचा कोळसा आपल्याकडे नावाजलेला आहे तो यामुळेच. आंब्याचा त्या मानाने हलका, भुरभुरीत, लवकर संपतो. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा मिळतो. तो पातळ असला तरी घट्ट असतो, चांगला तापतो आणि राख अगदी कमी.

आणि मग येते वेडी बाभूळ. माळरानावर, ओढ्याकाठी, पडीक जमिनीत माजलेलं हे काटेरी झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या देशी बाभळीशी तिचं फार जवळचं नातं नाही. गंमत अशी, की टेक्सासमध्ये ज्या मेस्कीट लाकडाच्या कोळशाचं एवढं कौतुक असतं, ते झाड वेडी बाभळीचं सख्खं चुलत भावंड. तिकडे मेस्कीटच्या नावावर पिशव्या खपतात, आणि इकडे आपण तीच जात उपटून काढायच्या मागे असतो. मेस्कीटची एक खोड मात्र प्रसिद्ध आहे: पेटताना तडतडतं आणि ठिणग्या उडवतं. वेडी बाभळीचा कोळसा घेतलात तर पेटवताना मुलांना जरा लांब ठेवा.

पिशवीवर लाकडाचं नाव छापून 'खास चव' विकली जाते, त्यावर माझा फार विश्वास नाही. लाकडाचा वास देणारे बहुतेक पदार्थ भट्टीतच उडून गेलेले असतात. भाजलेल्या वस्तूची ती ओळखीची चव मुख्यतः मसाला, तेल आणि रस निखाऱ्यावर टपकून परत वर येतो, त्यातून लागते. म्हणून लाकडाच्या जातीपेक्षा भट्टी नीट लागली होती का, हे जास्त महत्त्वाचं.

भट्टी लावणाऱ्या हातांबद्दलही एवढं माहीत असावं. रायगड, ठाणे, पालघर भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं हंगामात मुलाबाळांसह कोळसा भट्ट्यांवर कामाला जातात. ठेकेदाराकडून आधी उचल घ्यायची आणि मग महिनोन्‌महिने ती फेडत राबायचं, ही तिथली जुनी रीत. त्यातून वेठबिगारीच्या तक्रारी आजही निघतात. बाजारात कोळसा कुठल्या भट्टीतून आला हे सहसा कोणी सांगत नाही. विचारलं तर निदान विचारणारं कोणी आहे एवढं तरी कळतं.

वखारीत कोळसा कसा ओळखायचा?

शहरात लाकडी कोळसा मिळतो तो कोळशाच्या किंवा लाकडाच्या वखारीत, काही किराणा दुकानांत, आणि कुठेच नाही मिळाला तर जवळच्या इस्त्रीवाल्याला विचारा. अजून कोळशाची इस्त्री वापरणारे बरेच आहेत आणि चांगला कोळसा कुठे मिळतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. रोज पहाटे इस्त्री पेटवायची असते, शिवाय कपड्यावर ठिणगी पडली तर भरपाई त्यांनाच द्यावी लागते.

दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर माल भाजलेला आहे. लाकूड लाकडावर आपटल्यासारखा बद्द आवाज आला तर कच्चा आहे किंवा ओला. मग एक तुकडा मोडा. चांगला कोळसा कट्‌कन तुटतो आणि तुटलेली बाजू काळीभोर, चकचकीत दिसते. लाकडाच्या रेषाही ओळखू येतात. आत तपकिरी रंग दिसला, किंवा तुकडा तुटायच्या ऐवजी तंतू धरून वाकला, तर तो कोळसा नाही, करपलेलं लाकूड आहे. गोणीत असे दोन-चार तुकडे निघणारच, ते बाजूला काढायचे. पण हात घालाल तिथे तेच निघत असतील तर गोणी परत.

वजनावर जाताना जरा जपून. घट्ट लाकडाचा कोळसा जड लागतो, आणि पाणी प्यायलेलाही जड लागतो. कोळसा वजनावर विकला जातो हे विसरू नका. शंका आली तर मूठभर तुकडे पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधा आणि उन्हात ठेवा. अर्ध्या तासात पिशवीच्या आतून थेंब दिसले, तर तुम्ही पाण्याचे पैसे देत आहात.

आकार अंड्याएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत असला की उत्तम. त्याहून मोठे ढेकळ घरी फोडता येतात, पण भुकटीचं काही करता येत नाही. भुकटी तुकड्यांच्या मधल्या जागा बुजवते, हवा अडते आणि शेगडी गुदमरते. गेल्या वर्षी मी ऑनलाइन मागवलेल्या पाच किलोच्या पिशवीत दीड किलोहून जास्त चुराच निघाला. फोटोत मात्र सगळे मुठीएवढे तुकडे. तेव्हापासून मी शक्यतो वखारीतच जातो, जिथे हात काळे करून निवडता येतं.

गोणीत सरळ कापलेल्या पट्ट्या, प्लायवूडसारखे थर दिसणारे तुकडे किंवा खिळे सापडले तर तो माल फर्निचरच्या किंवा बांधकामाच्या भंगारातून आलेला असू शकतो. रंग, पॉलिश, गोंद यांचं काय झालं असेल याचा भरवसा नाही. असा कोळसा नकोच.

साठवण पावसाळ्यात अवघड जाते. कोळशाच्या अंगात असंख्य बारीक छिद्रं असतात, आणि तो हवेतली ओल शोषत राहतो. जूनमध्ये उघडी ठेवलेली गोणी डिसेंबरात काढली तर नुसता फुसफुसणारच. झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा ड्रम वापरा, आणि आदल्या दिवशी कोळसा कडक उन्हात पसरून ठेवा. एवढ्यानेच अर्धा धूर कमी होतो. थेट भट्टीवरून ताजा माल आणला असेल तर मात्र लगेच बंद करू नका. ताज्या कोळशाचा मोठा ढीग हवेतला ऑक्सिजन शोषताना आतून तापतो आणि क्वचित आपोआप पेटतो. जहाज वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात होते ती त्यासाठीच. आधी उघड्यावर पसरून गार होऊ द्या.

पेटवणं: द्रव नको, हवा द्या

कोळसा पेटायला साधारण साडेतीनशे अंश लागतात. एका तुकड्याचा कोपरा तेवढा तापवणं सोपं आहे. अवघड आहे ती उष्णता शेजारच्या तुकड्याला मिळेपर्यंत टिकवणं. तुकडे पसरून ठेवले तर प्रत्येकाची उष्णता चारी बाजूंनी निघून जाते. म्हणून पहिला नियम: पेटवताना कोळसा पसरायचा नाही, रचायचा. पसरायचा तो फुलल्यावर.

यासाठी सगळ्यात चांगलं साधन म्हणजे चिमणी स्टार्टर. एक फूटभर उंचीचं पत्र्याचं नळकांडं, खालच्या बाजूला भोकं, मध्ये जाळी, आणि पकडायला दांडा. जाळीवर कोळसा, जाळीखाली कागद. कागद पेटला की गरम हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा ओढली जाते. हाच विटांच्या भट्टीच्या धुराड्याचा नियम. पंखा नाही, फुंकणी नाही, नळकांडं स्वतःच श्वास घेतं.

विकत घ्यायचं नसेल तर दुधाच्या भुकटीचा मोठा पत्र्याचा डबा घ्या. तळ कापून टाका, खालच्या दोन-तीन इंचांत सगळीकडून बोटभर रुंदीची भोकं पाडा, आणि भोकांच्या वर तीन-चार जाड तारा आडव्या घालून जाळी करा. पहिल्यांदा रिकामाच कागद जाळून वरचा रंग उडवून टाका, मगच कोळसा भरा. उचलायला मजबूत पक्कड किंवा सांडशी आणि जाड हातमोजे हवेतच. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र वापरू नका. त्यावरचा जस्ताचा थर तापला की त्याच्या वाफा त्रास देतात.

जाळीखाली वर्तमानपत्राची दोन पानं सैल चुरगाळून ठेवा. गच्च गोळा केला तर कागदालाच हवा मिळत नाही. कागदाला चमचाभर खाद्यतेल चोळलं, की तो वातीसारखा दुप्पट-तिप्पट वेळ जळतो. याहून चांगली वस्तू म्हणजे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा तुकडा. कोकणातल्यांना नारळाचं वाळलेलं सोडण सांगायची गरज नाही. कापराची वडीही चालते, फक्त तिची काजळी जाईपर्यंत वर काही ठेवायचं नाही. रंगीत, चकचकीत मासिकाची पानं नकोत.

लहान तुकडे खाली, मोठे वर, आणि नळकांडं तोंडापर्यंत भरलेलं. चार-पाच माणसांसाठी दीड-दोन किलो कोळसा पुरतो. कागद दोन-तीन बाजूंनी पेटवा आणि बाजूला व्हा. सुरुवातीची पाच-सात मिनिटं भरपूर धूर होईल, होऊ द्या. मग धूर विरळ होतो, वरून बघितलं तर तळाशी लाली दिसते, आणि पंधरा ते वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडांवर करडी राख धरायला लागते. तेव्हा ओता. बहुतेकांची चूक इथेच होते: ज्वाळा दिसली की पेटलं असं समजून मांस चढवायचं. ज्वाळा म्हणजे आतले वायू अजून जळतायत. ज्वाळा बसून निखारा रसरशीत झाला की मगच जाळी ठेवायची.

चिमणी नसेल तर शेगडीच्या मध्यभागी, कागदाच्या बोळ्याभोवती लहान तुकड्यांचा उतरंडीसारखा ढीग रचा. पंखा किंवा सुपाचा वारा लगेच सुरू करू नका. एखाद-दुसराच कोपरा पेटलेला असताना जोराचा वारा त्याची उष्णताच उडवून नेतो. चार-पाच तुकडे लाल झाले, की मग वारा द्या, तोही खालच्या बाजूने.

आता रॉकेलबद्दल. ते कोळशाच्या छिद्रांत मुरतं आणि बराच वेळ वास मारत राहतं. पण वास हा छोटा भाग. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यांच्या वाफा हवेत पसरतात आणि काडी ओढताक्षणी भडका उडतो. सॅनिटायझरच्या अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतही नाही. विझलं समजून माणूस पुन्हा ओततो. सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे अर्धवट पेटलेल्या, विझत आलेल्या कोळशावर बाटलीतून ओतणं. ज्योत त्या धारेतून उलटी बाटलीत शिरते आणि पेटतं द्रव समोर फेकलं जातं. बहुतेक वेळा समोर मुलं उभी असतात. शेगडी पेटत नसेल तर कोळसा काढून पुन्हा रचा, दहा मिनिटं जातील. यात दुसरा पर्याय नाही.

आच कशी सांभाळायची?

निखाऱ्याची उष्णता मुख्यतः किरणांच्या रूपाने वर येते, आणि ती तापमानाबरोबर फार वेगाने वाढते. सहाशे अंशांच्या निखाऱ्यापेक्षा आठशे अंशांचा निखारा दुपटीहून जास्त उष्णता फेकतो. म्हणून हवेची खालची झडप जराशी उघडली तरी फरक जाणवतो. करडी राख साचली की ती गोधडीसारखं काम करते, आच मंदावते. चिमट्याने हलकेच टकटक केलं की निखारा पुन्हा उघडा पडतो.

थर्मामीटर नसला तरी हात आहे. जाळीच्या चार-पाच इंच वर तळहात धरा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच कडक: कबाब, मासे, पनीर. चार-पाच सेकंद सोसवला तर मध्यम: चिकनचे तुकडे, कणसं. आठ-दहा सेकंद सोसवला तर हाडासकट मोठे तुकडे झाकण लावून सावकाश.

सगळे निखारे पसरू नका. दोन तृतीयांश एका बाजूला, बाकी जागा रिकामी. तेल-चरबी टपकून भडका उडाला की वस्तू रिकाम्या बाजूला सरकवायची. चरबी निखाऱ्यावर जळून जो काळा धूर वर येतो त्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी जोडली गेलेली रसायनं असतात, आणि ती पदार्थावर बसतात. काळं पडलेलं कापून टाका. त्याला 'स्मोकी' म्हणून वाढू नका.

धूर थांबला म्हणजे धोका संपला का?

नाही. चिमणीच्या तोंडाशी निळसर ज्योती नाचताना दिसतात, त्या नीट बघा. तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड आहे. खालच्या थरात कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना त्यांतला आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. आच जोरात असताना तो वर येऊन जळून जातो. आच मंदावली, निखाऱ्यांवर राख चढली, की निळी ज्योत दिसेनाशी होते. वायू मात्र निघतच राहतो. फरक इतकाच, की आता तो न जळता बाहेर पडतो.

त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग झोप येते. झोप आली की बाहेर जायचं सुचतच नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूमुळे.

आपल्याकडे थंडी एवढी नसते, पण पाऊस असतो. एका ऑक्टोबरात गच्चीवर आमची शेगडी रंगात आली आणि सर आली. आम्ही सहाजणांनी ती उचलून जिन्याच्या खोलीत नेली, दार अर्धं उघडं ठेवलं आणि तिथेच गप्पा मारत बसलो. धूर अजिबात नव्हता, त्यामुळे कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पाऊण तासाने माझ्या मावशीला उलटीसारखं झालं, दोघांचं डोकं ठणकायला लागलं. आम्ही आधी चिकनला दोष दिला. खाली मोकळ्या हवेत आल्यावर तासाभरात सगळे बरे झाले, आणि मला आजही त्या चिकनचं नाही, त्या अर्ध्या उघड्या दाराचं भय वाटतं.

म्हणून कोळशाची शेगडी घरात, बंद बाल्कनीत, गॅरेजमध्ये, तंबूत, गाडीच्या डिकीत नाही. खिडकी उघडी असली तरी नाही. पाऊस आला तर जेवण आत न्या, शेगडी बाहेरच भिजू द्या. तोंडावर ओला रुमाल धरून हा वायू अडत नाही. कोणाला वर सांगितलेला त्रास झाला तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा. आणि एक महत्त्वाचं: कोविडपासून घरोघरी असलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या रक्तातला फरक कळत नाही, तो खुशाल ९८ दाखवतो. आकडा बघून थांबू नका.

उरलेल्या निखाऱ्यांचं काय करायचं?

पाणी ओतू नका. उकळती वाफ आणि राख अंगावर येते, आणि ग्रिलचा पत्राही वाकू शकतो. झाकणाच्या ग्रिलला वरच्या-खालच्या सगळ्या झडपा बंद करा. उघडी शेगडी असेल तर चिमट्याने निखारे जाड पत्र्याच्या डब्यात टाका, घट्ट झाकण लावा आणि डबा फरशीवर, बाहेरच ठेवा. हवा संपली की ते विझतात. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीही धगधगता सापडतो, त्यामुळे राख दोन दिवस तरी प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. गार झालेली राख चाळून कुंड्यांत चिमूटभर घालता येते, जास्त नको, ती क्षारीय असते.

डब्यात विझलेला कोळसा मात्र टाकून देऊ नका. तो एकदा तापून निघाल्यामुळे त्यातला उरलासुरला धूर गेलेला असतो. पुढच्या वेळी चिमणीत तळाला तो घाला आणि वर नवा.